फिरोजा की क्रिसोकोला?

आईच्या चांदीच्या अंगठीतला निळा खडा घरात सगळे फिरोजा म्हणूनच ओळखायचे. भांडी घासतानाही अंगठी बोटातच असायची. तीनेक वर्षांत खड्याची झिलई गेली, कडा झिजल्या आणि मधोमध बारीक ओरखडे उठले. शेवटी रत्नपरीक्षा करून घेतली, तर तो क्रिसोकोला निघाला.

गल्लत होणं साहजिक आहे. तांबं विरघळलेलं पाणी खडकात झिरपून दोन्ही खनिजं तयार होतात आणि दोघांचा रंगही तांब्यामुळेच, मोरचुदासारखा. त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. फिरोजा हे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं फॉस्फेट, तर क्रिसोकोला तांब्याचं सिलिकेट. पाण्याचा अंश दोन्हींत असतो. खरा फरक कठीणपणात आहे. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या 1 ते 10 च्या मोहस् मापावर फिरोजा 5 ते 6, तर क्रिसोकोला साधारण 2.5 ते 3.5. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. म्हणजे फडक्याने धूळ पुसली तरी क्रिसोकोलाची झिलई उतरत जाते.

पण दागिन्यातल्या खड्यावर ओरखडा काढून बघू नका, तो कायमचा राहतो. सुटा खडा असेल तर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजून घ्या: फिरोजा 2.6 ते 2.9, क्रिसोकोला बहुधा 2.4 च्या आत. भिंगाखालीही बरंच कळतं. फिरोज्यावर मेणासारखी चकाकी आणि बऱ्याचदा तपकिरी-काळ्या रेघांची जाळी दिसते. क्रिसोकोलात निळा रंग हिरव्यात मिसळत जातो, मध्येच मॅलेकाइट या तांब्याच्याच हिरव्या खनिजाचे गडद पट्टे येतात. मला तरी हा हिरवा-निळा खेळ जास्त आवडतो.

फिरोजा हे नाव फारसीतून आलं. इराणमधल्या निशापूरचा आभाळी फिरोजा आजही नावाजला जातो. ‘क्रिसोकोला’चा ग्रीक अर्थ सोन्याचा डिंक. आपले सोनार सांधा जोडताना टाकणखार वापरतात, तसं प्राचीन ग्रीक या नावाचे तांब्याचे हिरवे क्षार वापरत.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. क्रिसोकोला कॅल्सिडनीत, म्हणजे क्वार्ट्झच्याच एका बारीक कणांच्या प्रकारात, मुरलेला असेल तर खडा 7 च्या आसपास कठीण होतो आणि चांगला अर्धपारदर्शक नग बऱ्याच फिरोज्यांपेक्षा महाग पडतो.

फिरोजाही नाजूकच. सच्छिद्र असल्याने तेल, अत्तर, घाम शोषून हिरवट पडतो. दोन्ही खडे शेवटी घालावेत, आधी उतरवावेत आणि मऊ ओल्या कापडाने पुसावेत.

आईचा खडा आम्ही पेंडंटमध्ये बसवून घेतला. गळ्यात घासणीचा त्रास नाही.