बुफॉन त्या रात्री इतका का रडला? मागची वीस वर्षं

१३ नोव्हेंबर २०१७, मिलानचं सान सिरो स्टेडियम, इटली विरुद्ध स्वीडन, स्कोअर ०-०. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते आणि जे जागे होते त्यांनी इटलीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर जिजी बुफॉनला कॅमेऱ्यासमोर रडत रडत बोलताना बघितलं. ही वर्ल्ड कपला जाण्यासाठीच्या दोन मॅचच्या प्ले-ऑफची दुसरी मॅच, पहिली लेग स्वीडनने १-० जिंकलेली, म्हणजे इटली वर्ल्ड कपच्या बाहेर, १९५८ नंतर पहिल्यांदाच. ती क्लिप खूप फिरली, पण नुसती क्लिप बघून ते रडणं पूर्ण कळत नाही, म्हणून मागचं सगळं सांगतो.

बुफॉन कारारा गावचा, संगमरवराच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे ते. जन्म १९७८ चा. आई थाळीफेक करायची, बहिणी व्हॉलीबॉल खेळायच्या, म्हणजे घरातच खेळ होता. लहानपणी हा मिडफिल्डला खेळायचा. मग १९९० चा वर्ल्ड कप इटलीतच झाला आणि त्यात कॅमेरूनचा गोलकीपर थॉमस एनकोनो बुफॉनने पाहिला आणि ठरवलं की आपण गोलमध्येच उभं राहायचं. कॅमेरूनने मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला हरवलं ती ओपनिंग मॅच सान सिरोवरच झाली होती बरं का. पुढे बुफॉनने पहिल्या मुलाचं नाव लुई थॉमस ठेवलं, ते एनकोनोवरूनच.

१९ नोव्हेंबर १९९५ ला पार्मा या क्लबने त्याला थेट एसी मिलानसमोर उतरवलं. वय १७. समोर बॅजिओ आणि जॉर्ज वेआ, आणि मॅच सुटली ०-०. पार्माकडूनच १९९९ चा युएफा कप, म्हणजे युरोपमधल्या क्लबांची एक स्पर्धा, जिंकला.

पण माझ्या मते खरी सुरुवात मॉस्कोची. २९ ऑक्टोबर १९९७, वर्ल्ड कपचा प्ले-ऑफ, रशियाविरुद्ध, बर्फ पडतंय, मेन किपर पाग्लिउका जखमी झाला आणि १९ वर्षांच्या पोराला अर्ध्या तासानंतर बेंचवरून उठवून गोलमध्ये उभं केलं. १-१ झालं, तेसुद्धा आपल्याच कॅनावारोच्या सेल्फ गोलमुळे. नेपल्सची दुसरी लेग जिंकून इटली वर्ल्ड कपला गेली. म्हणजे बघा, इंटरनॅशनल करिअर सुरू झालं वर्ल्ड कपच्या प्ले-ऑफमध्ये, आणि वीस वर्षांनी तुटलं तेही वर्ल्ड कपच्या प्ले-ऑफमध्येच.

२००१ ला युव्हेंटस या मोठ्या इटालियन क्लबने त्याला घेतलं, साधारण ५ कोटी युरो मोजून, गोलकीपरसाठी तोवर कुणी इतके दिले नव्हते. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये कोरियाच्या आन जुंग-ह्वानची पेनल्टी त्याने सुरुवातीलाच अडवली, आणि त्याच आनने एक्स्ट्रा टाइममध्ये गोल्डन गोल (म्हणजे तो पडला की मॅच तिथेच संपते) मारून इटलीला घरी पाठवलं. गोलकीपरचं हे असंच असतं, वाचवलेलं लोक विसरतात.

२००६ चा वर्ल्ड कप मात्र त्याचा. अख्ख्या स्पर्धेत फक्त २ गोल खाल्ले, एक झाक्कार्दोचा सेल्फ गोल आणि दुसरी फायनलमधली फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. त्याच फायनलमध्ये झिदानने इटलीच्या खेळाडूला डोक्याने मारलेली ती हेडबट सगळ्यांना आठवते, पण त्याच्या काही मिनिटं आधी झिदानने मारलेला हेडर बुफॉनने एका हाताने बारवरून काढला नसता तर पेनल्टी शूटआउटच झालं नसतं. शूटआउटमध्ये फ्रान्सच्या त्रेझेगेचा बॉल बारला लागला आणि इटली जिंकली, हा त्रेझेगे युव्हेंटसमध्ये याचाच टीममेट.

आणि मग जे झालं त्यासाठी मला हा माणूस आवडतो. कॅल्चोपोली या इटालियन फुटबॉलमधल्या रेफ्रींच्या घोटाळ्यात युव्हेंटसचं डिमोशन झालं, सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, वर पॉइंट कापले. कॅनावारो, झांब्रोता, इब्राहिमोविच सगळे गेले. बुफॉन राहिला, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे आणि कामोरानेसीही राहिले. वर्ल्ड कप जिंकून दोन महिने झाले होते आणि हा रिमिनीच्या छोट्या ग्राउंडवर सेकंड डिव्हिजन खेळत होता.

पुढे सगळं परत आलं, युव्हेंटसकडून एकूण १० लीग टायटल, २०१५-१६ मध्ये लीगमध्ये सलग ९७४ मिनिटं गोल नाही खाल्ला, तोही रेकॉर्ड. फक्त चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपमधली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, नाही मिळाली, २००३, २०१५ आणि २०१७ तिन्ही फायनल गेल्या. शेवटची २०१७ च्या जूनमध्ये, रियाल माद्रिदकडून ४-१. आणि पाचच महिन्यांनी स्वीडन. त्या रात्री स्वीडनचं राष्ट्रगीत चालू असताना पब्लिक हुर्यो करत होतं, तर हा टाळ्या वाजवत होता. शेवटी शेवटी कॉर्नरला स्वतः पुढे गेला हेडर मारायला.

त्यानंतर इटलीसाठी एकच मॅच, मार्च २०१८ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध फ्रेंडली, एकूण १७६. मग एक सीझन पॅरिसचा क्लब, परत युव्हेंटस, आणि २०२१ मध्ये पार्मा, जे तेव्हा सेरी बी ला घसरलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये इटालियन कपसाठी पार्मा सान सिरोवर इंटर मिलानसमोर उतरलं. गोलमध्ये हा, ४५ ला काही दिवस कमी. ८८ व्या मिनिटापर्यंत पार्मा १-० पुढे होतं, एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ हरलं. ऑगस्टमध्ये त्याने ग्लोव्हज कायमचे काढले.