चालतंय ते चालू द्यावं का? विंडोज १० वर राहिलेल्यांसाठी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी घरांत, दुकानांत, छापखान्यांत ती आजही चालू आहे. मशीन सुरू होतं, इंटरनेट चालतं, प्रिंट निघते. मग बदलायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ चा मधोमध आलेला स्टार्ट मेनू आणि गोलसर कोपरे यांसाठी कोणी पैसे खर्च करावेत असं मलाही वाटत नाही. पण ज्यावर हा निर्णय घ्यायचा, ती गोष्ट पडद्यावर दिसतच नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्राम. त्यात चुका राहतात, आणि काही चुका अशा असतात की त्यांतून परका माणूस आपल्या संगणकात शिरू शकतो. अशी चूक सापडली की मायक्रोसॉफ्ट दुरुस्ती पाठवतं, सहसा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. या दुरुस्तीला पॅच म्हणतात.

खरी गोम पुढे आहे. विंडोज ११ पूर्णपणे नव्याने लिहिलेली नाही. ती विंडोज १० च्याच पायावर उभी आहे आणि दोघींचा बराचसा कोड सामायिक आहे. पॅच बाहेर पडला की हल्लेखोर दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून ताडून पाहतात. त्यासाठीची साधनं फुकट मिळतात. नेमक्या कुठल्या ओळी बदलल्या हे कळलं, की चूक कुठे होती हेही कळतं. म्हणजे विंडोज ११ मधलं भोक बुजतं तेव्हा, तेच भोक विंडोज १० मध्ये असेल तर त्याचा पत्ता जगजाहीर होतो, आणि तिथे ते उघडंच राहतं. दर महिन्याला ही यादी वाढत जाते. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा अनुभव इथे उपयोगी नाही, कारण त्या वर्षांत भोकं बुजवली जात होती.

२०१७ मध्ये हे जगाने पाहिलं. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका चुकीवरचा पॅच १४ मार्चला निघाला होता. जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच चुकीवर स्वार होऊन ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. कोणी कशावर क्लिक करायची गरज नव्हती. एक संगणक दुसऱ्याला बाधित करत गेला आणि ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे संगणक अडकून रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी तातडीचा पॅच काढावा लागला. महत्त्वाची गोष्ट ही, की बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती आणि तिचा आधार तेव्हा चालू होता. पॅच आला होता, लोकांनी बसवला नव्हता. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ हा दुसरा व्हायरस आला. त्याने तीच चूक वापरली, शिवाय संगणकातले पासवर्डही चोरले. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि तिच्याशी जोडलेलं आपल्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं.

अँटिव्हायरस आहे ना, असं अनेक जण म्हणतात. असावाच. विंडोज १० वरच्या डिफेंडर या अंगच्याच अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण अँटिव्हायरस आत येणाऱ्याला ओळखायचा प्रयत्न करतो, भोक बुजवत नाही. सिस्टीमच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, शिरकाव झाला तर शिरणारा अँटिव्हायरसलाच बंद पाडू शकतो.

आता अडचण यंत्राची. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं. ही गुपित किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप. शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. टीपीएम नाही म्हणून मदरबोर्ड बदला, असं दुकानात सांगितलं तर थांबा. बऱ्याच मशीनमध्ये ते प्रोसेसरमध्येच असतं आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा. मग मशीन विंडोज ११ ला चालेल का हे सांगणारा मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा प्रोग्राम चालवून पाहा.

प्रोसेसरच्या अटीमागे एक खरं कारण आहे. कर्नलमध्ये फक्त तपासलेला कोड चालू द्यायचा, असा पहारा विंडोज ११ ठेवू शकते. त्यासाठी कर्नलच्या आणि साध्या प्रोग्रामच्या परवानग्या वेगळ्या ओळखणारा प्रोसेसर असला की काम हलकं होतं. जुन्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि मशीन मंदावतं. पण ही सोय इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे, आणि ती पिढी मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीतून जवळजवळ सगळीच बाहेर आहे. म्हणून ही रेघ निव्वळ तंत्रज्ञानाने आखली असं मी मानत नाही. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यात धडधाकट संगणकांची भर पडावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मशीन यादीत बसत असेल तर अपग्रेड करा, माझं मत स्पष्ट आहे. मात्र जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, घाला. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक प्रत्यक्ष सरकावं लागतं, त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वाचनं होतात. एसएसडी हजारोंनी करते. रॅम कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण ८ असू द्या.

यादीत न बसणाऱ्या घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-पॅच देणारी मुदतवाढ योजना आणली. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. ही तात्पुरती सोय आहे. पुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार जरूर करा. ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखा फुकट संच) आणि युनिकोड मराठी (कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणारी) एवढंच काम असेल तर जुनं मशीन त्यावर आणखी काही वर्षं चांगलं चालेल. अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या मात्र कामाच्या मशीनवर करू नका. पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी तिथे नसते.

छापखान्यांची गोष्ट वेगळी. तिथे जुने, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड प्रोग्राम आणि जुनी यंत्रं असतात. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. जुने ३२-बिट प्रोग्राम तिच्यावर सहसा चालतात, पण ३२-बिट ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र विंडोजशी जोडणारे प्रोग्राम) चालत नाहीत आणि १६-बिट प्रोग्राम तर मुळीच नाहीत. असं मशीन तसंच ठेवा, मात्र त्याची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तपासूनच लावा. बँकेचं आणि जीएसटीचं काम त्यावर नको.

अपग्रेड करणार असाल तर आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या दोन-चार फाइल उघडून खात्री करा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलपात, असेल तर ते उघडणारा लांब क्रमांक, म्हणजे रिकव्हरी-की, कागदावर लिहून ठेवा. अपग्रेडनंतर जुन्या सिस्टीमवर परतायला १० दिवस मिळतात, त्यानंतर पुन्हा फॉरमॅटच मारावं लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंग, सगळं एकदा चालवून पाहा.