उत्तर ऑन्टारियोत राहता? ऊर्जा सवलतीचा अर्ज असा करा

टोरंटोच्या क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे ऑन्टारियोच्या विधिमंडळात, अर्थसंकल्पाची चर्चा निघाली की उत्तरेकडच्या आमदारांचा प्रश्न ठरलेला असतो: वीज आणि हीटिंगवर सरकार एवढे खर्च करते, त्यातले आमच्या भागातल्या घरांपर्यंत किती पोहोचते? प्रश्न रास्तच आहे. विधिमंडळाला प्रांताच्या पैशांचा हिशोब देणाऱ्या स्वतंत्र वित्तीय कार्यालयाने २०२२ मध्ये ऊर्जेच्या नऊ अनुदान योजनांचा वीस वर्षांचा खर्च मांडला, तो सुमारे ११८ अब्ज डॉलर भरला. त्या नऊंपैकी ‘नॉर्दर्न ऑन्टारियो एनर्जी क्रेडिट’ ही उत्तरेतल्या सामान्य घरांसाठीची योजना. रक्कम लहान आहे, पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. सडबरी, थंडर बे, टिमिन्स, नॉर्थ बे इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींनी ती हातची घालवू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कोणाला मिळते

वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुमचे मुख्य घर उत्तर ऑन्टारियोत असले पाहिजे. त्यात दहा जिल्हे येतात: अल्गोमा, कॉक्रन, केनोरा, मॅनिटूलिन, निपिसिंग, पॅरी साउंड, रेनी रिव्हर, सडबरी (ग्रेटर सडबरी शहरासह), थंडर बे आणि टिमिस्कॅमिंग. नाताळच्या सुटीत मित्राकडे दक्षिणेतल्या ब्रॅम्प्टनला गेलात म्हणून हक्क जात नाही. पण नोव्हेंबरातच खोली सोडून कायमचे तिकडे राहायला गेला असाल, तर त्या वर्षीचा दावा करू नका.

वय १८ किंवा अधिक हवे. त्याहून लहान असाल, पण लग्न झालेले असेल किंवा स्वतःचे मूल सोबत राहत असेल, तरीही चालते. आणि त्या वर्षी राहत्या घराचे भाडे किंवा मालमत्ता कर भरलेला हवा. आदिवासी राखीव क्षेत्रात राहणाऱ्यांसाठी घराचा ऊर्जाखर्च, तर सरकारी दीर्घकालीन शुश्रूषागृहात राहणाऱ्यांसाठी तिथल्या निवासाचे पैसे धरले जातात. स्टडी परमिटवर असाल तरी कराच्या दृष्टीने कॅनडाचे रहिवासी ठरत असाल, तर अर्ज करता येतो.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ‘हायड्रोचे, म्हणजे विजेचे, बिल घरमालकाच्या नावावर आहे, हीटिंग भाड्यातच आहे, मग मला कसली सवलत?’ असे म्हणून मुले सोडून देतात. या योजनेला बिल लागतच नाही. भाडे भरले, एवढे पुरते. बेसमेंटमधली एक खोली असली तरी हरकत नाही. चौघांत घर घेतले असेल, तर प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याचे भाडे दाखवायचे.

रक्कम किती

एचएसटी हा एकत्रित विक्रीकर आला त्याच वर्षी, २०१० मध्ये, ही सवलत सुरू झाली. तेव्हा एकट्याला १३० आणि कुटुंबाला २०० डॉलर कमाल मिळत. महागाईप्रमाणे ती वाढत गेली. जुलै २०२४ ते जून २०२५ या लाभवर्षात एकट्याला १८० आणि कुटुंबाला (एकल पालक धरून) २७७ डॉलर अशी कमाल होती. त्या वर्षी एकट्याचे उत्पन्न ४८,५७८ डॉलरच्या वर गेले, की वरच्या रकमेच्या एक टक्का कापला जाई. म्हणजे चार हजारांनी जास्त कमावले, तर १८० मधून ४० वजा.

अर्ज कुठे

वेगळी खिडकी नाही. दरवर्षीच्या इन्कम टॅक्स रिटर्नसोबत ‘ओएन-बेन’ नावाचा फॉर्म जोडायचा. त्यात ६११९ क्रमांकाच्या चौकोनात खूण केली, की या सवलतीसाठी अर्ज झाला. शेजारचा ६११८ हा ऊर्जा व मालमत्ता कराच्या दुसऱ्या सवलतीचा आहे. पात्र असाल तर तिथेही खूण करा. एकूण भाडे ६११० मध्ये. खाली प्रत्येक घराचा पत्ता, त्या वर्षी तिथे किती महिने राहिलात, किती भाडे दिले आणि ते कोणाला दिले, हे भरायचे. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये राहत असाल, तर ते भाडे ६११० मध्ये घालू नका. त्यासाठी ६११४ हा वेगळा चौकोन आहे.

विक्रीकराची सवलत मात्र न मागता मिळते. ती आणि वरच्या दोन, अशा तिन्ही सवलती ‘ट्रिलियम बेनिफिट’ या एकाच नावाने जमा होतात. त्यामुळे खात्यात ते पैसे दिसले की लोकांना वाटते, सगळे आले. ६११९ रिकामा असेल, तर उत्तरेची रक्कम त्यात नसते. रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेत असाल, तर सही करण्याआधी ओएन-बेनचे पान उघडून हा चौकोन डोळ्यांनी पाहा.

नवराबायको दोघेही पात्र असतील, तरी अर्ज एकानेच करायचा. रिटर्न मात्र दोघांनी भरावे. जोडीदार भारतात असला तरी फॉर्मवर ‘विवाहित’ असेच लिहावे लागते.

कागदपत्रे

सिन नंबर (सोशल इन्शुरन्स नंबर), टी४ ही नोकरीच्या पगाराची स्लिप आणि इतर उत्पन्नाच्या स्लिपा, भाडेकरार, भाड्याच्या पावत्या. रोख भाडे देत असाल तर दर महिन्याला सहीची पावती घ्याच. ई-ट्रान्सफर असेल तर बँकेच्या नोंदी जपा. हे काही रिटर्नसोबत पाठवायचे नाही, पण कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी, म्हणजे तिथले करखाते, नंतर मागू शकते, म्हणून सहा वर्षे सांभाळायचे. घरमालक पावती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ते फेब्रुवारीआधीच मिटवा.

पैसे कधी

३० एप्रिलपर्यंत रिटर्न भरले, तर लाभवर्ष जुलैपासून. तिन्ही सवलतींची मिळून वर्षाची बेरीज ३६० डॉलरपर्यंत असेल, तर जुलैत एकरकमी. त्याहून जास्त असेल तर साधारण दर महिन्याच्या १० तारखेला हप्ता. पत्ता किंवा वैवाहिक स्थिती बदलली तर लगेच एजन्सीला कळवा.

मागच्या वर्षी खूण राहून गेली असेल, तर नवे रिटर्न भरू नका. ॲसेसमेंटची नोटीस आल्यावर एजन्सीच्या वेबसाइटवरच्या ‘माय अकाउंट’मध्ये जाऊन रिटर्न दुरुस्त करा, किंवा टी१ दुरुस्ती फॉर्मसोबत भरलेला ओएन-बेन पोस्टाने पाठवा.