चंबळचं बिहड: भीतीनं राखलेली नदी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत चंबळचा विषय निघाला की गाडी हमखास डाकूंवर येते. मराठ्यांची या नदीशी ओळख मात्र त्याहून जुनी. 1738 साली भोपाळजवळ कोंडीत सापडलेल्या निजामानं बाजीरावाशी तह केला आणि नर्मदा ते चंबळ हा मुलूख पेशव्यांना देण्याचं कबूल केलं. तेव्हा ही नदी सरहद्द होती. पुढे शिंद्यांनी ग्वाल्हेरला राजधानी केली, तरी चंबळकाठी जाऊन राहावं असं फारसं कुणाला वाटलं नाही.

त्याचं एक कारण मातीत आहे. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावलेली चंबळ चौरासीगड ते कोटा खडकाच्या उभ्या कड्यांमधून वाहते. दरी म्हणावी ती खरी तिथे. मध्य प्रदेशातल्या मुरैना-भिंडकडे येईतो खडक संपून गाळाची खोल, भुसभुशीत माती लागते. नदीनं आपलं पात्र फार खाली नेलेलं, त्यामुळे शेतातलं पावसाचं पाणी तिच्याकडे घाईनं उतरतं. आधी बोटभर ओघळ पडते, मग तिची घळ होते आणि घळीचं तोंड दर पावसाळ्यात शेताच्या दिशेनं सरकत राहतं. घळींच्या या जाळ्यालाच बिहड म्हणतात. काठावर उभं राहिलं तर समोर सपाट रान आहे असं वाटतं. चार पावलं टाकली की पायाखाली उभा कडा, त्यात पांढुरके कंकर आणि खाली दुसऱ्या घळीत शिरणारी तिसरी घळ. वाट चुकायला आणि लपायला याहून सोयीची जागा नाही.

दुसरं कारण श्रद्धेचं. रंतिदेव राजाच्या यज्ञातल्या पशूंच्या कातड्यांतून ही नदी निघाली अशी कथा आहे, त्यामुळे गंगा-यमुनेचा मान तिला मिळाला नाही. मग डाकूंची दहशत. 1960 मध्ये विनोबा या भागात फिरले, तेव्हा काही बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. 1972 मध्ये जौरा इथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर त्याहून मोठं आत्मसमर्पण झालं.

म्हणजे नदी स्वच्छ राहिली ती कुणाच्या धोरणामुळे नव्हे. माणूस तिच्याजवळ जायला कचरत होता, एवढंच. अर्थात वरच्या अंगाला तिला सोडलं नव्हतं: 1960 मध्ये गांधीसागर धरण आणि कोट्याचा बंधारा झाला, 1970 च्या सुमारास आणखी दोन धरणं. त्यांच्या कालव्यांनी मुरैन्याची मोहरी पिकवली, पण नदीचं उन्हाळी पाणी घटलं.

काठावरची भीती ओसरत असतानाच सरकारी संरक्षण आलं, हा सुदैवी योगायोग. घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या जबड्याची सुसर, 1970 च्या दशकात देशात दोनशेसुद्धा उरली नव्हती. 1975 मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला आणि 1978-79 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य जाहीर झालं. मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात वाळूतली अंडी आणून उबवतात, पिल्लं सव्वाएक मीटरची झाली की नदीत सोडतात. आज जगातले बहुतेक घडियाल चंबळमध्ये आहेत. मधे 2007-08 च्या हिवाळ्यात शंभरावर घडियाल मेले; मूत्रपिंडं निकामी झाली होती, पण नेमकं विष कुठलं हे पक्कं ठरलं नाही.

बिहडाच्या वाट्याला मात्र असं प्रेम आलं नाही. सरकारी लेखी ती पडीक जमीन. तिथे विमानातून विलायती बाभळीचं बी टाकलं गेलं, आणि त्या झाडानं देशी झुडपांना जागाच ठेवली नाही. आता यंत्रं लावून घळी बुजवतात, शेत करतात. भूमिहीनाला दोन बिघे मिळत असतील तर त्याला दोष कोण देणार. पण माती सैल करून ठेवली की पुढच्या पावसात घळ पुन्हा तोंड काढते.

रेतीचं दुखणं याहून मोठं. अभयारण्यात उपसा बंद असला तरी ट्रॅक्टर थांबलेले नाहीत. घडियालाची मादी मार्चअखेरीस उंच, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, आणि बांधकामाला हवी असते तीही तशीच कोरडी वाळू.