पावाचं यीस्ट: निवडावं कसं, राखावं कसं

घरी लादी पाव करताना पीठ फुगलं नाही की पहिला दोष यीस्टच्या पुडीवर जातो. पुष्कळदा पुडी चांगलीच असते. पाणी चुकलेलं असतं, नाहीतर साखर जास्त झालेली असते. त्या बारीक दाण्यांत सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या बुरशीच्या असंख्य पेशी सुकवून निजवलेल्या असतात. त्यांना जागं कसं करता, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

हीच जात बिअरही आंबवते. युरोपातले भट्टीवाले पूर्वी बिअरवरचा फेस आणून त्यावर पाव फुगवत. आपल्या खानापूरपलीकडे, गोव्यात, पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर (ताडी) वापरत. 1883 मध्ये डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि हवा तो वाण निवडून वाढवण्याची वाट मोकळी झाली.

दुकानात यीस्ट तीन रूपांत मिळतं. ओलं दाबलेलं यीस्ट बेकरीवाले वापरतात. ते फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं, बोटांनी चुरलं तर मोकळं तुटायला हवं. तपकिरी आणि चिकट झालं असेल तर टाकून द्या. ॲक्टिव्ह ड्राय जाड दाण्यांचं असतं, ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. इन्स्टंट बारीक असतं, थेट मैद्यात मिसळतं. 100 ग्रॅम ओल्या यीस्टच्या जागी ॲक्टिव्ह ड्राय 40 ग्रॅम किंवा इन्स्टंट 33 ग्रॅम लागतं. घरासाठी आमची पसंती इन्स्टंटला. पाकीट फोडल्यावर ते हवाबंद बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, ओट्यावर नको. पावसाळ्यातली दमट हवा त्याची ताकद लवकर खाते. शंका आली तर 100 मिली कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घाला. दहा-पंधरा मिनिटांत जाड फेस आला नाही तर त्या यीस्टवर मैदा वाया घालवू नका.

निवडीचा खरा प्रश्न साखरेचा आहे. थोडी साखर यीस्टला खाऊ म्हणून चालते. मैद्याच्या दहा टक्क्यांपुढे मात्र ती पेशींतलं पाणी बाहेर ओढते आणि यीस्ट मंदावतं. 500 ग्रॅम मैद्याला 30 ग्रॅम साखर असेल तर साधं यीस्ट पुरतं. गोड बनसाठी 75 ग्रॅम घालणार असाल तर जास्त साखर सोसणारं यीस्ट घ्या. बहुधा पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. ते मिळालं नाही तर साधं यीस्ट दीडपट घाला आणि फुगायला वेळ द्या.

तापमानाकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष हवं. मळून झालेलं पीठ 26 अंशांच्या आसपास असावं. हाताने मळणार असाल तर हिशोब सोपा आहे: 78 मधून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा करा, उरेल तेवढ्या अंशांचं पाणी घ्या. मे महिन्यात बेळगावात स्वयंपाकघर 34 आणि मैदा 33 अंशांवर असेल, तर पाणी 11 अंशांचं, म्हणजे फ्रिजमधलं. डिसेंबरच्या सकाळी खोली 20 आणि मैदा 19 असेल तर 39 अंशांचं. अथणी-गोकाककडचा उन्हाळा याहून कडक, तिथे बर्फही घालावा लागेल. गार पाणी वापरताना एक काळजी घ्या. सुकं यीस्ट थेट थंड पाण्यात पडलं तर पेशींचं आवरण नीट सावरत नाही आणि आतलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर झिरपतं. ते ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, बंध तोडतं, मग पीठ हाताला चिकटत राहतं आणि लादी पसरते. म्हणून यीस्ट दोन-तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून मगच घाला. दुसऱ्या टोकाला, 55 अंशांपुढे पेशी मरतात; कढत पाणी नकोच.

आता पुनर्वापराचं. 500 ग्रॅम मैदा, 310 ग्रॅम पाणी, 9 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एवढंच मळा, आणि साखर-तेल घालण्याआधी त्यातला 100 ग्रॅमचा गोळा बाजूला काढा. तेल लावलेल्या स्टीलच्या डब्यात तो ठेवा. डब्यात तिप्पट जागा हवी, नाहीतर झाकण वर येतं. फ्रिजमध्ये तो तीन दिवस चांगला राहतो. पुढच्या घाण्याच्या तासभर आधी बाहेर काढा, तुकडे करून नव्या पिठात मळा आणि नवं यीस्ट निम्मं, अडीच ग्रॅमच घाला. गोळ्यातलं मीठ त्याच्याच मैद्यापुरतं असतं, म्हणून नव्या मैद्याचं 9 ग्रॅम मीठ तसंच ठेवा. अशा पावाला वास आणि चव कितीतरी चांगली येते. यीस्ट वाचतं तो वरचा फायदा.

हा फेरा अमर्याद चालत नाही. प्रत्येक फेरीत लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढत जातात. पीठ सैल पडू लागलं, पाव आंबट लागला, भाजूनही वरची साल फिकी राहिली, तर पिठातली साखर जंतूंनी आधीच संपवली आहे असं समजा. चार-पाच फेऱ्यांनंतर नव्या यीस्टने सुरुवात करावी. गोळ्याला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर तो उपाशी आहे. गुलाबी-नारिंगी रेघ किंवा लव दिसली तर अख्खा गोळा टाकून द्या. वरवर खरवडून उपयोग नाही.

बाजारच्या यीस्टशिवाय, फक्त पीठ आणि पाण्यावरही विरजण धरता येतं. बेळगाव-विजयपूर पट्ट्यातला खपली गहू त्याला छान खाद्य आहे. 50 ग्रॅम खपली पीठ, 50 ग्रॅम पाणी, आणि रोज निम्मं काढून तेवढंच ताजं घाला. दुसऱ्या दिवशी जोरात फेस येतो आणि घाण वास सुटतो. तो जिवाणूंचा खेळ असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं थंड पडतं आणि लोक इथेच फेकून देतात. थांबा: आम्लता वाढली की ते जिवाणू मागे हटतात आणि रानटी यीस्ट वर येतं. साधारण आठ-दहा दिवसांत विरजण चार ते सहा तासांत दुप्पट होऊ लागलं की ते पावाला तयार. पाव मात्र निव्वळ खपलीचा करू नका. त्याचं ग्लुटेन कमकुवत असतं, लादी उभी राहत नाही. 500 ग्रॅममध्ये 100 ग्रॅम खपली पुरे.

जास्त दिवस गावाला जायचं असेल तर हे विरजण बटर पेपरवर पातळ पसरून सावलीत पंख्याखाली कडक वाळवा आणि चुरून बाटलीत भरा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. जुलैत खानापूरकडे ते वाळायच्या आधी बुरसटेल. परत आल्यावर 10 ग्रॅम चुरा 20 ग्रॅम कोमट पाण्यात भिजवा, 20 ग्रॅम पीठ घाला, आणि दोन-तीन दिवस खाऊ घालत राहा.