मोगल वास्तूंचे प्रारंभीचे छायाचित्रण

आग्रा, दिल्ली व फत्तेपूर सीक्री येथील मोगल वास्तूंची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेली छायाचित्रणाची परंपरा. तिच्या आद्य प्रवर्तकांत डॉ. जॉन मरे (१८०९–९८) यांचे नाव अग्रभागी येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतले हे स्कॉटिश डॉक्टर आग्र्यात नेमणुकीवर असताना १८४९च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागले.

काचेच्या निगेटिव्ह (छायाप्रकाश उलटा असलेली, जिच्यावरून प्रत छापतात ती मूळ प्रतिमा) प्रचारात आल्यावरही मरे मेणकागदच, म्हणजे मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह, वापरत राहिले. काचेसाठीच्या ओल्या कलोडियन (चिकट रासायनिक द्रव) पद्धतीत काचेवर लेप देणे, चित्र घेणे आणि ते धुणे हे सारे लेप सुकण्याआधी उरकावे लागे; उत्तरेतल्या उन्हात तो बघता बघता सुके. मेणकागद आधी तयार करून कोरडाच नेता येई. मात्र त्याला प्रकाश बराच वेळ द्यावा लागे. तेवढ्यात बागेतून चालत गेलेल्या माणसाचा चित्रात मागमूसही राहत नसे. ताजमहालाच्या या चित्रांतला निर्मनुष्य शांतपणा काही अंशी रसायनाचा आहे, हे विसरू नये.

निगेटिव्हवरून त्याच आकाराची प्रत निघे, म्हणून कॅमेरेही अवाढव्य. मरे यांच्या निगेटिव्ह जवळून पाहिल्या, तर आकाशाच्या जागी काळी शाई भरलेली दिसते. कागदावरचे डाग लपवण्याचा हा उपाय. छापील प्रतीत तिथे स्वच्छ, कोरे आकाश येई आणि घुमटाची रेषा उठून दिसे. १८५८ मध्ये लंडनमध्ये त्यांची आग्रा परिसरातील ३० दृश्ये प्रसिद्ध झाली.

१८५७च्या उठावानंतर या कामाला वेगळाच रंग चढला. छायाचित्रकार फेलिचे बेआतो १८५८ मध्ये भारतात आले ते उठावाच्या खुणा टिपायला. दिल्लीची जामा मशीद व लाल किल्ला त्यांच्या चित्रांत येतात. बेआतो व मरे यांच्याकडून रॉबर्ट आणि हॅरिएट टायटलर हे दांपत्य ही कला शिकले. लाल किल्ल्याच्या आतील बहुतेक इमारती इंग्रजांनी पुढे पाडल्या. सॅम्युएल बोर्न (भारतात १८६३–७०) यांच्यापासून व्यावसायिक छायाचित्रकारांचा जोर वाढला.

त्या काळच्या चित्रांत ताजमहालाचा चौथरा दाट झाडीआड बराचसा लपलेला असतो. आजची मोकळी हिरवळ व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळातली.