बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी

डिसेंबर-जानेवारीत परभणी, हिंगोली, नांदेडकडे पहाटेचा गारठा हाडात शिरतो. घरात बाळंतीण असली की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वारं लागू नये म्हणून दार लावायचं आणि खिडकीच्या फटीत कापड कोंबायचं, ही रीत मराठवाड्यात अजून पाळली जाते. हेतू मायेचा असतो, पण त्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही.

जुन्या माळवदाच्या घरांना छतात साणं असायचं. धूर आणि तापलेली हवा त्यातून वर निघून जायची. आता वर स्लॅब आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आहेत आणि शेगडी मात्र तीच आहे.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे, ‘धूर गेला, आता शेगडी आत घ्या.’ तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या पेटल्या की आधी त्यातले उडून जाणारे घटक जळतात, धूर त्यांचाच असतो. ते संपले की उरतो तो मुख्यतः कार्बन, म्हणजे लाल निखारा. तळाच्या निखाऱ्याला ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साईड तयार होतो. तो वरच्या तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळी ज्योत नाचताना दिसते, तो हाच वायू जळत असतो. निखारा थोडा निवला, राखेचा थर चढला की ही ज्योत विझते. वायू मात्र तयार होतच राहतो आणि न जळता खोलीत पसरतो. रात्रभर ऊब टिकावी म्हणून राखेत पुरलेले निखारे म्हणूनच जास्त धोक्याचे.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पटीनं घट्ट धरतं. त्यामुळे हवेत त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी रक्तातली ऑक्सिजनची जागा भरत जाते. नवजात बाळ मिनिटाला 30 ते 60 श्वास घेतं, मोठं माणूस 12 ते 20. त्याच खोलीत बाळाला विषबाधा आधी होते, आणि डोकं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही.

लक्षणं फसवी असतात: डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पायांतलं बळ जाणं. घरी याला पित्त म्हणतात. खूण अशी, की ताप नसतो, एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो आणि अंगणात आल्यावर बरं वाटतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साईडनं भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आकडा 98 दाखवतो आणि माणूस गुदमरत असतो.

मग ऊब कशी द्यायची? विस्तव बाहेर, उष्णता आत. वीट किंवा फरशीचा तुकडा अंगणातल्या चुलीवर तापवा, जाड कापडात गुंडाळा आणि बाजेखाली ठेवा. गरम पाण्याची रबरी पिशवीही चालते, पण ती बाळाच्या अंगाला लावू नका, भाजतं. बाळाला टोपडं-मोजे घालून आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरणं आणि वरून पांघरूण घेणं, ही ऊब सगळ्यांत भरवशाची. विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही. फक्त तो पांघरुणापासून तीन फूट लांब हवा. ओवा-शेपाची धुरी द्यायचीच असेल तर उघड्या ओसरीवर द्या आणि बाळाला त्यापासून दूर ठेवा. नंतर निखारे बाहेरच पाणी ओतून विझवा. खोलीत पाण्याची बादली ठेवल्यानं काही होत नाही, हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

शहरातल्या घरांत हेच काम गॅस गीझर करतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर ताशी साधारण एक किलो गॅस जाळतो, आणि तेवढ्याला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर चार-पाच मिनिटांतच ऑक्सिजन 21 वरून 18 टक्क्यांकडे उतरतो आणि ज्योत अर्धवट जळून हाच वायू सोडू लागते. गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत लावा आणि फक्त पाण्याचा पाइप आत घ्या. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, मग आंघोळ करा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा कवचावर काजळी धरली तर बर्नर साफ करून घेईपर्यंत वापर थांबवा. वीज गेल्यावर लावायचा जनरेटरही पोर्चमध्ये किंवा जिन्याखाली नको, भिंती-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब उघड्यावर हवा.

अलार्म घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, कार्बन मोनॉक्साईडचा वेगळा. स्वयंपाकाचा गॅस जड असल्यानं त्याचा अलार्म जमिनीलगत बसतो. कार्बन मोनॉक्साईड हवेइतकाच हलका असल्यानं खोलीभर मिसळतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीला किंवा त्याहून वर लावा. दर महिन्याला बटण दाबून तपासा आणि डब्यावर दिलेली मुदत संपली की बदला.

कुणी निपचित दिसलं तर श्वास रोखून आत जा, त्याला ओढत बाहेर आणा, मग 108 ला फोन करा. तोंडाला ओला रुमाल बांधल्यानं हा वायू अडत नाही. आत थांबून शेगडी विझवत बसू नका, वाचवायला गेलेलेही असेच कोसळतात. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा: खोलीत शेगडी होती, किंवा गीझर चालू होता. ते कळलं तरच मास्कनं शुद्ध ऑक्सिजन लवकर सुरू होतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच घरी नेण्याची घाई करू नका. विसराळूपणा, चालण्यातला तोल जाणं, स्वभावातला बदल हे काही आठवड्यांनीही दिसू शकतं. तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि शेगडीची गोष्ट पुन्हा सांगा.